दोन मिर्झा, एक इमारत आणि एक पूल

'राजू बन गया जंटलमन' हा चित्रपट सईद मिर्झांचा, असं कुणी छातीठोकपणे लिहिलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. तो अझीझ मिर्झांचा. 'सलीम लंगडे पे मत रो' सईद अख्तर मिर्झांचा. दोघे दिग्दर्शक, सख्खे भाऊ. वडील अख्तर मिर्झा म्हणजे 'नया दौर' आणि 'वक्त'चे लेखक. आडनाव एक, घर एक, शहर एक, त्यामुळे घोळ कसा होतो ते कळतं. पण शोधायला अर्धं मिनिट लागत नाही, तरी तो वर्षानुवर्षं चालू आहे.

अझीझ तुम्हाला माहीत आहेतच. दूरदर्शनवर शाहरुखची 'सर्कस', मग 1992चा 'राजू', 1997चा 'येस बॉस', आणि पुढे शाहरुख-जूहीबरोबर काढलेल्या कंपनीचा 'फिर भी दिल है हिंदुस्तानी'. यांतला 'येस बॉस' सर्वांत चांगला, आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

सईद पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. आपल्याकडे सहसा विसरलं जातं ते हे, की 1976च्या मराठी 'घाशीराम कोतवाल' चित्रपटामागच्या 'युक्त' या सहकारी गटात मणि कौल, के. हरिहरन आणि कमल स्वरूप यांच्याबरोबर तेही होते. नंतर 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (1978), 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (1980), 'मोहन जोशी हाज़िर हो!' (1984), 'सलीम लंगडे' (1989), 'नसीम' (1995). शेवटच्या दोन्हींना पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा.

'नुक्कड' कुणाची, हा प्रश्न मात्र रास्त आहे. 1986-87ची ही मालिका दोन्ही भाऊ आणि कुंदन शाह यांच्या एकत्र कंपनीतून आली. दिग्दर्शनात नावं सईद आणि कुंदन शाह यांची. ती एकट्या कुणाच्या नावावर टाकू नका, एवढं पुरे.

आता खरा घोळ. नावं नीट लिहिणारेही पुढे म्हणतात, 'सईद कलात्मक, अझीझ व्यावसायिक.' हा आळशीपणा आहे. गाणी आहेत की नाहीत यावरून हे भाऊ वेगळे करता येत नाहीत. दोघांची माणसं त्याच मुंबईतली: चाळ, फुटपाथ, भाडं, नोकरी, वर चढायची हाव. फरक बघायचा तर 'मोहन जोशी' आणि 'राजू' लागोपाठ पाहा. (शेवट सांगतो आहे. इतक्या वर्षांत पाहिले नसतील तर तक्रार माझ्याकडे आणू नका.)

दोन्ही चित्रपटांत शेवटाकडे बांधकाम कोसळतं.

'मोहन जोशी'त भीष्म साहनी आणि दीना पाठक हे म्हातारं जोडपं मोडकळीला आलेल्या इमारतीची दुरुस्ती होत नाही म्हणून मालकावर खटला भरतं. शेजारी हसतात. वकील त्यांना वर्षानुवर्षं पिळून काढतात. अखेर न्यायाधीश पाहणीला येणार म्हटल्यावर मालकाची माणसं घाईघाईने टेकू लावून सगळं ठीकठाक असल्याचा देखावा उभा करतात. खटला हरलाच हे जोशींच्या लक्षात येतं आणि ते स्वतःच ते टेकू ओढून पाडतात. इमारत त्यांच्या अंगावर येते. इथे चूक एका माणसाची नाही, म्हणून एका माणसाच्या पश्चात्तापाने काही सुटत नाही. मालकाला उद्या सद्बुद्धी झाली तरी कोर्ट, वकील आणि बघे जिथल्या तिथेच राहणार.

'राजू'त पूल कोसळतो, माणसं मरतात. बांधकामात भेसळ झालेली असते. दार्जिलिंगहून आलेला इंजिनिअर राजू श्रीमंतांच्या नादाने वाहवत गेलेला, पण तो सर्वांदेखत आपली जबाबदारी कबूल करतो आणि आपल्या माणसांत परततो. म्हणजे पूल पडला तरी माणूस वाचला. अझीझ यांचा विश्वास सदसद्विवेकावर आहे. त्यांचा नायक घसरतो, पण त्याला परतीचा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर कुणीतरी वाट पाहत असतं. सईद यांच्या नायकाला शहाणपण येतं, रस्ता मिळत नाही. सलीमला सरळ मार्गाला लागायचं असतं आणि तेवढ्यातच तो मारला जातो.

म्हणून अझीझ कमी दर्जाचे, असं मी म्हणत नाही. पण 'सईद म्हणजे गाणी नसलेला अझीझ' असं समजून 'नसीम' पाहायला बसाल तर पहिल्या अर्ध्या तासात उठाल. तिथे 1992च्या जूनपासून बाबरी मशीद पडली त्या 6 डिसेंबरपर्यंत एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजारी आजोबा, म्हणजे कैफी आझमी, एवढंच आहे. बाहेरचं जग घरातल्या टीव्हीतून आत येतं. या चित्रपटासाठी सईदना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर ते बरीच वर्षं कथापटाकडे वळलेच नाहीत. देशभर फिरून माहितीपट केले, आईला उद्देशून 'अम्मी' हे पुस्तक लिहिलं, पुण्याच्या त्याच संस्थेचं अध्यक्षपदही सांभाळलं. 'नसीम' हा माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम चित्रपट.

एक जुनं दुखणंही सांगून टाकतो. 'अमक्याला गुस्सा का येतो' असे मथळे देणाऱ्यांनी 'अल्बर्ट पिंटो' पाहिलेला नसतो. अल्बर्ट हा बंडखोर नव्हे. तो मुंबईतला गोवन मेकॅनिक, ज्यांच्या गाड्या दुरुस्त करतो त्या श्रीमंतांना मित्र समजणारा, आणि त्याचा राग आधी असतो तो संप करणाऱ्या कामगारांवर. बाप गिरणीत काम करतो, तरीही. राग कुणावर धरायचा हे त्याला फार उशिरा कळतं, आणि सगळा चित्रपट त्या उशिराचा आहे.

आणि 2019मध्ये त्याच नावाने आलेला चित्रपट सौमित्र रानडे यांचा. त्यात कुठलाच मिर्झा दिग्दर्शक नाही.