जेल म्हणून सांगतात, बसवतात ॲक्रिलिक

पार्लरमध्ये खोटी नखं करून घेताना हा संवाद हमखास कानावर येतो. “ताई, जेलच आहे ना?” “हो ताई, जेलच.” टेबलावर छोटा दिवा असतो, त्यात बोटं घातली की जांभळट उजेड पडतो आणि आपली खात्री पटते. पण तेवढ्यावर खात्री धरू नका. कितीतरी ठिकाणी नखाची लांबी वाढवतात ॲक्रिलिकने आणि त्यावर रंग चढवतात जेल पॉलिशचा. दिवा त्या रंगासाठी असतो. खालचं नख दिवा लागायच्या आधीच कडक झालेलं असतं.

दर वेळी हे मुद्दाम फसवण्यासाठी चालतं असं नाही. वरचा थर जेलचा आहे म्हणून सगळ्यालाच ‘जेल नेल्स’ म्हणायची सवय लागली आहे, एवढंच. त्यामुळे विचारण्यापेक्षा टेबलाकडे बघा. छोट्या वाटीत पाण्यासारखं पातळ द्रव, शेजारी पावडरची डबी आणि नाकात शिरणारा उग्र वास असेल तर ते ॲक्रिलिक. ट्यूबमधला किंवा डबीतला घट्ट, चिकट, पारदर्शक पदार्थ ब्रशने पसरत असतील आणि वास जवळजवळ नसेल, तर जेल.

रसायनाच्या हिशेबाने दोघं एकाच घराण्यातले, मेथाक्रिलेट गटातले. दोन्हींची ओळख आपल्याला दातांच्या दवाखान्यात आधीच झालेली असते. कवळीचा गुलाबी भाग ॲक्रिलिकचा, आणि दाताच्या रंगाचं फिलिंग भरून डॉक्टर निळा दिवा धरतात ते जेलच्या जवळचं. फरक आहे तो कडक कधी व्हायचं हे कोण ठरवतं याचा. ॲक्रिलिकमध्ये द्रव आणि पावडर एकत्र आले की घड्याळ सुरू झालं, ते थांबवता येत नाही. जेल मात्र दिव्याखाली जाईपर्यंत वाट बघत बसतं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

ॲक्रिलिक लावणारी ब्रश द्रवात बुडवते, टोक पावडरला लावते आणि भिजलेल्या साबुदाण्याएवढा एक थेंब ब्रशवर चढतो. तो नखावर ठेवायचा, दाबायचा, क्युटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या, दिशेने पातळ करत न्यायचा, आणि हे सगळं काही सेकंदांत. दोन-तीन मिनिटांनी ती ब्रशच्या दांड्याने नखावर टकटक करून बघते. कडक आवाज आला की कानस, म्हणजे फाइल, चालवायला मोकळी. आतून पूर्ण घट्ट व्हायला मात्र साधारण दिवस जातो.

जेलमध्ये घाई नाही. थर पसरला, आवडला नाही, पुसला, पुन्हा पसरला. हात उलटा धरला की जेल आपोआप मध्यभागी जमून नखाला बाक येतो. मग एलईडी दिव्यात तीस ते साठ सेकंद. बाहेर आल्यावरही वरचा थर चिकट लागतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेवढा पापुद्रा सुकत नाही. तो अल्कोहोलने पुसून घेतात. थर जाड असेल तर दिव्यात नख अचानक भाजल्यासारखं होतं. तेव्हा बिनधास्त हात बाहेर काढा, क्षणभर थांबा आणि परत घाला. आणखी एक बघून ठेवा: अंगठे वेगळे सुकवले पाहिजेत. चार बोटांबरोबर घातले तर ते आडवे पडतात आणि एका बाजूला उजेड पोचत नाही.

मुंबईच्या हवेचा त्रास दोघांनाही होतो, पण उलट्या दिशांनी. उकाड्यात ॲक्रिलिक लवकर आवळतं, ब्रशवरच गोळा व्हायला लागतं. जेल पातळ होऊन कडेच्या कातडीवर ओघळतं. म्हणून मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत कोणी स्वस्तात घरी येऊन करून देत असेल, तरी मी करून घेणार नाही.

आता मुद्द्याचं. नख खोटं आहे हे आपल्याला कळतं कशावरून? रंगावरून क्वचितच. हात आडवा धरून बाजूने बघा. क्युटिकलपाशी पायरी दिसते का? खऱ्या नखाला तिथे पायरी नसते, ते कातडीखालून सपाट बाहेर येतं. टोकाकडून बघा, कड जाड दिसते का? आणि बाक कुठे आहे? चांगल्या कामात सर्वांत उंच भाग मधोमध पण किंचित मागे, नख बोटापासून सुटतं त्या जागेच्या आसपास असतो, आणि तिथून दोन्हीकडे उतरत जातो. सगळीकडे सारखाच जाड थर दिला की नख चिकटवलेलं दिसतं, मग रंग कितीही साधा निवडा. रुंदीचंही तसंच. टिप, म्हणजे लांबीसाठी चिकटवलेलं खोटं टोक, दोन्ही कडांपर्यंत नेमकी बसायला हवी. अरुंद बसली की कोपऱ्यात खरं नख डोकावतं.

हे सगळं ॲक्रिलिकने जमतं का? जमतं, उत्तम जमतं, पण हात सरावलेला पाहिजे. घड्याळ चालू असताना क्युटिकलपाशी कागदासारखी पातळ कड आणणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. साधारण हाताने केलेलं जेल साधारण हाताने केलेल्या ॲक्रिलिकपेक्षा जास्त खरं दिसतं, कारण चूक सुधारायला वेळ मिळतो. म्हणून ऑफिसला जाणारी, रोजचं घरकाम करणारी बाई ‘दिसायला आपलीच नखं वाटली पाहिजेत’ म्हणत असेल तर मी तिला जेल सांगते. लांबी बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटर, आकार अंडाकृती किंवा कोपरे गोल केलेला चौकोनी, रंग दुधट गुलाबी आणि अर्धपारदर्शक. खालचा पांढरा अर्धचंद्र थोडा दिसू द्यावा. झाकून टाकला की हात पुतळ्याचा वाटतो.

दुसरं कारण लवचीकपणाचं. ॲक्रिलिक ताठ असतं, जेल त्या मानाने थोडं वाकतं. मोदकाच्या कळ्या काढताना, परातीत कणीक मळताना, लोकलमध्ये चढताना दांड्याला हात अडकतो तेव्हा नखावर आडवा जोर येतो. लांब, ताठ नखावर असा जोर आला आणि ते तुटलं नाही, तर तो जोर खऱ्या नखाच्या मुळाकडे जातो आणि नख गादीवरून सुटू शकतं. तुटणारं नख त्या मानाने परवडलं. ज्यांची नखं मुळातच कडक आहेत आणि ज्यांना लांबीच हवी आहे, त्यांच्यासाठी ॲक्रिलिक आजही भक्कम, आणि बहुतेक ठिकाणी स्वस्तही.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत मागे फट दिसू लागते आणि तो बाकाचा उंच भाग पुढे सरकतो, तोल बिघडतो. रिफिल, म्हणजे ती फट भरून घेणं, त्यासाठी असतं, नुसत्या दिसण्यासाठी नाही. फट न भरता पावसाळा काढायचा विचार करू नका. कडेने थर थोडा उचलला गेला की त्याखाली पाणी साचतं आणि नखावर हिरवट डाग पडतो. त्याला सर्रास बुरशी म्हणतात. बहुतेक वेळा तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. त्यावर पुन्हा रंग चढवून झाकायचं नाही. खोटं नख काढायचं, खालचं खरं नख कोरडं ठेवायचं, डॉक्टरांना दाखवायचं.

लग्नघरातली अडचण वेगळीच. हळद आणि फिक्या रंगाची नखं यांचं जमत नाही, मग ती जेलची असोत की ॲक्रिलिकची. नखं आधी करून घ्यावी लागत असतील तर पार्लरवालीला सांगून ठेवा: हळदीनंतर वरचा टॉप कोट हलका घासून नवा चढवायचा. पिवळेपणा बहुधा त्या वरच्या थरातच अडकलेला असतो.

ॲलर्जीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. न सुकलेलं जेल किंवा ओलं ॲक्रिलिक वारंवार कातडीला लागलं तर मेथाक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती झाली की सहसा कायमची. पुढे दाताचं फिलिंग करताना किंवा गुडघा बदलताना वापरायच्या सिमेंटनेही त्रास होऊ शकतो, कारण घराणं तेच. युरोपीय संघाने एचईएमए हा याच घराण्यातला घटक असलेली नखांची उत्पादनं २०२० मधल्या नियमाने फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली, आणि जेल सुकवणाऱ्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. घरी वापरायची स्वस्त किट मी म्हणूनच टाळते: दिवा एका कंपनीचा, जेल दुसऱ्याचं, आणि खालचा थर ओलाच राहतो. दिव्याच्या अतिनील किरणांसाठी हाताला आधी सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घाला.

ॲक्रिलिकच्या बाजूला एमएमए (मिथिल मेथाक्रिलेट) या द्रवापासून सावध राहा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नखांना इजा झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निव्वळ एमएमए असलेल्या उत्पादनांविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली. चांगल्या ॲक्रिलिकमध्ये त्याऐवजी ईएमए (इथिल मेथाक्रिलेट) असतं. एमएमएचं नख दगडासारखं कडक होतं आणि ॲसिटोनमध्ये सहजासहजी विरघळत नाही, म्हणजे काढतानाच बिंग फुटतं.

काढायच्या वेळी दोघांचे रस्ते पुन्हा वेगळे होतात. ॲक्रिलिक ॲसिटोनमध्ये मऊ होतं: वरचा थर घासायचा, कापूस भिजवून फॉइल गुंडाळायचं आणि वीस मिनिटं किंवा जास्त बसायचं. जेलमध्ये दोन प्रकार आहेत. सोक-ऑफ जेल तसंच निघतं, पण हार्ड जेल ॲसिटोनला दाद देत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं. म्हणून बसवतानाच विचारा, ‘हे विरघळणारं आहे की घासून काढायचं?’ आणि उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण काढायला जाल तेव्हा समोर दुसरीच मुलगी असेल. तिने काहीच न विचारता नखाखाली पट्टी सारून उचकटायला घेतलं तर हात मागे घ्या. तसं ओढून काढलं की तुमच्या खऱ्या नखाचे थरही त्याबरोबर निघतात, आणि मूळ जाडी परत यायला पूर्ण नख वाढून यावं लागतं, म्हणजे साधारण सहा महिने.