विद्यार्थी विधी साहाय्य केंद्र

वकिलाची फी ज्यांना परवडत नाही, अशांना कायद्याचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या किंवा सनदधारक वकिलांच्या देखरेखीखाली जिथे विनामूल्य मदत करतात, ते केंद्र. शिकाऊ डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहून शिकतो, त्या धर्तीवर याला ‘विधी चिकित्सालय’ असेही म्हणतात.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जॉन ब्रॅडवे यांनी १९३१ मध्ये असे चिकित्सालय उभारले. १९६८ पासून फोर्ड फाउंडेशनच्या निधीमुळे ही पद्धत तिथे पसरली. देखरेखीखालील विद्यार्थ्याला तिथे नियमांच्या चौकटीत न्यायालयात बाजूही मांडता येते. भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली सनदधारकांनीच करायची. म्हणून विद्यार्थ्याचा भर कागद समजून घेणे, अर्ज लिहिणे आणि कायदेविषयक जागृतीवर असतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये विधी महाविद्यालयांतील अशा केंद्रांना चालना देण्याची तरतूद आहे.

काम बहुधा कागदांच्या पिशवीपासून सुरू होते. पक्षकार ती टेबलावर रिकामी करतो आणि विद्यार्थी एकेक कागद तारखेप्रमाणे लावतो. नोटिशीवर छापलेली तारीख सगळेच पाहतात. पण ती हातात कधी पडली, याचा माग पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून लागतो, आणि उत्तराची मुदत पुष्कळदा नोटीस हाती पडल्यापासूनच मोजली जाते. पाकीट टाकून दिलेले असेल तर पंचाईत होते.

हे पुस्तकात सापडत नाही. शेजारी बसलेला जाणता वकील ते दाखवतो. म्हणूनच विद्यार्थ्यांना खरा आधार लागतो तो देखरेखीचा. बाहेर जाणारा प्रत्येक अर्ज मार्गदर्शकाने वाचलेला असावा, आणि हे वाचन त्याच्या अध्यापनाच्या तासांत धरले जावे. ते फावल्या वेळावर सोडले की केंद्राची पाटी तेवढी उरते. बोलणे बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली, प्रवासखर्च आणि घरगुती हिंसेसारखी प्रकरणे ऐकून खचलेल्या विद्यार्थ्याशी बोलणारे कुणीतरी, हेही हवे.

सर्वांत नाजूक काळ परीक्षांचा आणि सुट्टीचा. प्रकरण महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबत नाही. जाणाऱ्या विद्यार्थ्याने फाइलच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, शिल्लक काम आणि पक्षकाराला दिलेले शब्द लिहून ठेवावेत, आणि नव्या विद्यार्थ्याची गाठ समोरासमोर घालून द्यावी. नाहीतर पक्षकाराला आपली कहाणी परत पहिल्यापासून सांगावी लागते.