कॅनाल द्यू मिदीकाठचे ग्रॅव्हल सायकलिंग

डांबर सोडून मुरूम, बारीक खडी, शेतवाटा आणि जंगलवाटांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवणे म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग. त्यासाठीची सायकल रेसिंगच्या सायकलीसारखीच दिसते, हँडल खाली वळलेले असते. पण टायर साधारण ३५ ते ५० मिमी रुंद, त्यात हवा बेताची, ब्रेक डिस्कचे आणि चढासाठी हलके गिअर. हे नाव अमेरिकेच्या मध्यभागातल्या खडीच्या रस्त्यांवरून आले. फ्रान्समध्ये नाव नवे असले तरी रीत जुनी आहे. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखले जाणारे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी १८८७ मध्ये सँ-एतिएन येथून सायकलविषयक मासिक सुरू केले आणि शर्यतीपेक्षा भटकंतीची सायकल श्रेष्ठ, हे आयुष्यभर सांगितले. पुढच्या पिढीतल्या फ्रेंच कारागिरांनी डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या सायकलींना ‘६५० बी’ मापाची चाके आणि रुंद, हलके टायर असत. आजच्या अनेक ग्रॅव्हल सायकलींवर तेच माप परत आले आहे. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार ज्या २००, ३००, ४००, ६०० किमीच्या ‘ब्रेव्हे’ (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या) पुऱ्या करून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला जातात, ती परंपराही याच फ्रेंच भटकंतीतून आलेली.

फ्रान्समध्ये अशा शांत वाटा मुबलक आहेत, याचे कारण जमिनीच्या व्यवस्थेत आहे. गावशिवारातले कच्चे रस्ते, म्हणजे ‘शमँ र्‍युराल’, हे ग्रामपंचायतीसारख्या ‘कॉम्यून’च्या मालकीचे असून लोकांच्या वापरासाठी खुले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा यातल्या कितीतरी वाटा नांगराखाली गेल्या. उरलेल्यांवर आज ट्रॅक्टर, पायी फिरणारे आणि सायकलवाले चालतात. दुसरा मोठा साठा कालव्यांच्या काठचा. बोटी घोड्यांनी ओढत नेण्यासाठी पाण्यालगत सपाट वाट लागत असे. तिला ‘शमँ द आलाज’, ओढीची वाट, म्हणतात. घोडे गेले, वाट राहिली.

या वाटांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती दक्षिण फ्रान्समधल्या तूलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत जाणाऱ्या कॅनाल द्यू मिदीची. लांबी सुमारे २४० किमी. मिठावरचा कर वसूल करण्याचा मक्ता घेतलेले पिएर-पॉल रिके यांनी हा कालवा कल्पिला. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये फर्मान काढले आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १६८० मध्ये वारले. कालवा, त्याचे फाटे आणि पुरवठ्याचे पाट मिळून ३६० किमीचे जाळे आणि त्यावरची ३२८ बांधकामे १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

कालव्याचे रहस्य कालव्यावर दिसत नाही, ते पाटावर दिसते. अटलांटिककडे वाहणारे पाणी आणि भूमध्याकडे वाहणारे पाणी जिथे दुभंगते तो नोरूझचा उंचवटा समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे. कालवा दोन्ही बाजूंना उतरतो, म्हणजे प्रत्येक बोट पार होताना माथ्यावरचे पाणी खाली जाते. ते भरून काढायचे कुठून? या प्रश्नावर आधीचे सगळे बेत अडले होते. रिके यांनी ईशान्येकडच्या मोंतान्य न्वार, म्हणजे ‘काळ्या डोंगरा’तले ओढे पाटाने नोरूझला आणायचे ठरवले. रेवेल गावचा पाणक्या कारागीर पिएर कांपमास याला त्या डोंगरातले पाणी माहीत होते, त्याची मदत झाली. दरबारी समितीचा विश्वास बसेना म्हणून १६६५ मध्ये आधी एक चाचणीचा अरुंद पाट खणला, आणि पाणी खरोखरच नोरूझला पोचले. पुढे सँ-फेरेओल येथे १६६७ ते १६७२ दरम्यान मातीचे आणि दगडी भिंतींचे मोठे धरण बांधून सुमारे ६३ लाख घनमीटर पाणी साठवले गेले.

आमच्या मते ग्रॅव्हल सायकलसाठी या साऱ्या प्रदेशात सर्वांत सुंदर वाट हीच, पाटाकाठची. तिला नुसते ‘रिगोल’ म्हणतात. नोरूझपासून रेवेलजवळच्या पाँ-क्रूझेपर्यंत सुमारे ३८ किमी. पाट जेमतेम दोन-तीन मीटर रुंद आहे. तो टेकडीच्या कडेने समपातळी धरून इतका वळत जातो की समोर दिसणारे चर्चचे शिखर अर्ध्या तासाने पाठीमागून दिसते. उतार चाकाला जाणवतही नाही, फक्त पाण्यावर तरंगणारे पान कोणत्या बाजूला सरकते आहे ते पाहिले की कळतो. वाट दाबलेल्या मातीची, वर ओक आणि राखी खोडांची झाडे, पलीकडे गहू किंवा सूर्यफूल. पाऊस झाल्यावर मात्र इथली चिकणमाती टायरला लागून सायकलच्या चिमट्यात साठते आणि चाक फिरेनासे होते. त्यामुळे टायर आणि फ्रेम यांच्यात मोकळी जागा असलेली सायकलच न्यावी.

हा लोरागे प्रदेश. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इथे ‘पास्तेल’ नावाच्या झाडाच्या पानांपासून निळा रंग काढत. पाने वाटून त्यांचे गोळे वळत, वाळवत आणि तूलूझचे व्यापारी ते युरोपभर विकत. तूलूझमधले जुने विटांचे वाडे त्याच पैशांतून उभे राहिले. फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांनी आणि मग भारतातून येऊ लागलेल्या निळीने तो धंदा मोडला. रेवेल हे १३४२ मध्ये चौरस आखून वसवलेले गाव, मध्यभागी चौदाव्या शतकातला लाकडी छपराचा बाजार. टेकडीवरच्या सँ-फेलिक्स येथे ११६७ मध्ये कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची सभा भरली होती असे मानतात.

मुख्य कालव्यावर वाटेचा पोत जिल्हा बदलला की बदलतो. तूलूझपासून सुमारे ५० किमी डांबरी हिरवा मार्ग आहे, मोटारींना बंदी. ऑद जिल्ह्यात शिरले की काही ठिकाणी दाबून सारखी केलेली, पण बरीचशी साधी मातीची वाट लागते. प्लेनच्या मुळ्यांनी (चिनारच्या कुळातले हे झाड) ती उचकटलेली असते. ४० मिमी टायरात हवा कमी ठेवली तर हातांना आराम पडतो. अरुंद टायरच्या सायकलीला हा टप्पा त्रासदायक जातो. कास्तेलनोदारीचा सात हेक्टरचा जलाशय, कार्कासोन असे करत अर्जाँ लागते. तिथून पुढे ल सोमायवरून बेझिएपर्यंत सुमारे ५४ किमी एकही लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी दारांची कुंडी) नाही, त्यामुळे चढउतार जवळपास नाहीच.

प्रत्येक लॉकजवळ रखवालदाराचे घर असते. त्याच्या भिंतीवरच्या पाटीवर लॉकचे नाव आणि मागच्या-पुढच्या लॉकपर्यंतचे अंतर कोरलेले असते, सायकलवाल्याला दुसरा मैलाचा दगड लागत नाही. लॉकच्या भिंती बाहेर फुगलेल्या, अंडाकृती आहेत. सुरुवातीला सरळ भिंतींचे एक लॉक मातीच्या दाबाने कोसळले, तेव्हा रिके यांनी बांधाच्या कमानीसारखी वक्र भिंत स्वीकारली.

झाडांची स्थिती वाईट आहे. काठावर सुमारे ४२,००० प्लेन होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. २००६ मध्ये ‘शाँक्र कोलोरे’ हा बुरशीमुळे होणारा रोग कालव्यावर आढळला. लागलेले झाड वाचत नाही, शेजारच्यांसकट तोडून जाळावे लागते. निम्म्याहून अधिक झाडे गेली आहेत. म्हणून कालव्याच्या जुन्या छायाचित्रांतली गर्द कमान मनात धरून निघालेल्याला मैलोन्‌मैल उघडे ऊन मिळते. नव्या जागी एकाऐवजी अनेक जातींची झाडे लावली जात आहेत. ती सावली धरायला काही दशके लागतील.

उन्हाळ्यात पाणी सोबत ठेवावे. संपलेच तर गावच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. तिथे ‘ओ पोताब्ल’, पिण्यायोग्य, असे लिहिले आहे का ते पाहावे. दुकाने दुपारी बारानंतर दोन तास बंद. पायी चालणाऱ्यांजवळ वेग कमी करून ‘बॉंझूर’ म्हणणे हा इथला अलिखित नियम आहे. दिशा वाऱ्यावरून ठरवतात. डोंगरांमधल्या या खिंडीतून पश्चिमेचा ‘सेर’ किंवा आग्नेयेचा ‘ओताँ’ जोराने वाहतो. सेर अधिक नित्याचा असल्याने बहुतेकजण तूलूझहून समुद्राकडे जातात.

बेझिएच्या अलीकडे कालवा मालपाच्या टेकडीखालून १६५ मीटरच्या बोगद्यातून जातो. बोटींसाठी खणलेला युरोपातला हा पहिला बोगदा. वाट टेकडीवरून चढते. त्याच टेकडीच्या पोटात खाली आगगाडीचा बोगदा आणि त्याहून खाली माँतादीचे तळे आटवण्यासाठी खणलेला तेराव्या शतकातला नाला आहे. वर आँसेरूणच्या प्राचीन वसाहतीचे अवशेष. सायकल तिथे टेकवून पाहिले की आटलेले तळे खाली दिसते. शेतांच्या लांबट फाका मध्यबिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या, आणि प्रत्येक फाकेच्या बांधावरचा चर आजही मधल्या गोल चरात पाणी सोडतो.