प्लेटलेट्स कमी आल्या? आधी हे वाचा

पावसाळा लागला की जांबोटी, कणकुंबी, नंदगड भागातून तापाचे पेशंट खानापुरात आमच्या लॅबमध्ये येतात. रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर आधी प्लेटलेट्सवर जाते. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १.५ ते ४.५ लाख असल्या की ठीक. पण हा आकडा त्या किती आहेत एवढंच सांगतो. रक्त थांबवायचं काम त्या कसं करतात ते त्यातून कळत नाही.

प्लेटलेट्स तयार होतात हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. तिथली मेगाकॅरिओसाइट ही पेशी फार मोठी असते. ती दुभंगत नाही, पण तिच्यातले गुणसूत्रांचे संच २ वरून १६, कधी ६४ पर्यंत वाढतात. मग ती रक्तवाहिनीत लांब धागे सोडते आणि त्यांचे तुकडे होऊन हजारो प्लेटलेट्स सुटतात. प्लेटलेटला केंद्रक नसतं. त्यामुळे माहेरहून मिळालेल्या शिदोरीवरच तिला ७ ते १० दिवस काढायचे असतात.

या शिदोरीत थ्रॉम्बिनचे रिसेप्टरही येतात, म्हणजे थ्रॉम्बिनचा इशारा ओळखणारी पृष्ठभागावरची प्रथिनं. मेगाकॅरिओसाइट वाढत असतानाच ते तयार करते. जखम झाली की रक्तात थ्रॉम्बिन तयार होतं. हे प्रथिनं कापणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटीएज. ते रिसेप्टरचं बाहेरचं टोक कापतं, आणि उघडं पडलेलं नवं टोक त्याच रिसेप्टरवर वळून त्याला चालू करतं, मग प्लेटलेट कामाला लागते. ही विलक्षण रीत १९९१ साली उलगडली. माणसाच्या प्लेटलेटवर असे दोन रिसेप्टर असतात, पार-१ (PAR1) आणि पार-४ (PAR4): पार-१ थोड्या थ्रॉम्बिननेही जागा होतो, पार-४ ला जास्त लागतं. एकदा कापलेला रिसेप्टर पुन्हा वापरता येत नाही. आमच्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात आणि त्या क्वचितच लागतात.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. म्हणून आकडा अचानक कमी दिसला तर आम्ही काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघतो. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा सॅम्पल मागतो. कृपया कंटाळू नका.

डेंग्यूत केवळ आकड्याला घाबरू नका. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा लघवी कमी झाली, तर प्लेटलेट्स कितीही असोत, लगेच दवाखाना गाठा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून वेळ घालवू नका.

अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर सॅम्पल देतानाच सांगा. अ‍ॅस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम प्लेटलेटला पुन्हा बनवता येत नाही, त्यामुळे आकडा चांगला असूनही रक्त थांबायला वेळ लागू शकतो. ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र बंद करू नका. डेंग्यूचा संशय असेल तर तापासाठी स्वतःहून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.