बदल करण्याआधी परतीची वाट: लिनक्स वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक उबुंटू किंवा डेबियन बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी आहे. आमच्याकडे परत येणाऱ्या मशीनमध्ये हार्डवेअरचा दोष नसेल, तर बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो: एखादे सेटिंग बदलले, ते चुकले, आणि ते मागे घेण्याचा रस्ताही त्याच बदलाने बंद झाला. म्हणून खाली काय करायचे याबरोबरच ते कोणत्या क्रमाने करायचे हेही दिले आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरा. लिनक्सला लहान आणि मोठे अक्षर वेगळे वाटते. मोठे अक्षर हवे तिथे तसे लिहिले आहे, बाकी सगळे लहान. आणखी एक: टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा.

इन्स्टॉल करताना

आयएसओ फाइल (लिनक्स इन्स्टॉल करण्याची मूळ फाइल) उतरवल्यावर «एसएचए२५६सम फाइलचे-नाव» चालवा आणि आलेली ओळ वितरकाने दिलेल्या ओळीशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पुष्कळदा सुरू होते आणि निम्म्या इन्स्टॉलेशनला अडकते. मग दोष पेनड्राइव्हला दिला जातो.

पेनड्राइव्हवर लिहिण्यासाठी «डीडी» वापरणार असाल तर आधी «एलएसबीएलके» चालवून डिस्कच्या आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा. नाव लक्षात आहे म्हणून टाकू नका. आज एसडीबी असलेली डिस्क पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर एसडीए असू शकते. लिहायचे ते पूर्ण डिस्कवर, म्हणजे एसडीबीवर, एसडीबी१ वर नाही. डीडी काहीही विचारत नाही, आणि त्याने पुसलेले परत आणणे बहुतेक वेळा शक्य नसते.

लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय) इन्स्टॉल करतानाच निवडा. चालू मशीनवर ते नंतर करणे जोखमीचे आहे. व्यवहारात नव्यानेच इन्स्टॉल करावे लागते. इथे मराठी टाइप करणाऱ्यांना एक खास अडचण येते. एन्क्रिप्शनचा पासवर्ड सिस्टिम सुरू होण्याआधीच विचारला जातो, तेव्हा तुमचा नेहमीचा कीबोर्ड बदलण्याचा शॉर्टकट चालत नाही. म्हणून पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि लांब ठेवा. चार-पाच असंबद्ध शब्द पुरतात. तो विसरला तर आतला डेटा आम्हालाही काढता येत नाही. «क्रिप्टसेटअप लक्सॲडकी» (ॲडचा ए आणि कीचा के मोठा) वापरून दुसरा पासवर्ड जोडता येतो. तो कागदावर लिहून मशीनपासून दूर ठेवा.

विंडोजही ठेवायचे असेल तर त्यातले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धे झोपते. लिनक्सला ते पार्टिशन वापरात असल्याचे दिसते, आणि ते लिहिण्यासाठी उघडत नाही.

सुडो आणि ग्रुप

रोज साध्या खात्यानेच काम करा. कमांडच्या आधी सुडो लिहिले की ती कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारात चालते. सुडोबद्दलचा एक गैरसमज बऱ्याच जणांना छळतो. «सुडो एको मजकूर > /ईटीसी/एखादी-फाइल» असे लिहिले की परवानगी नाकारली जाते. कारण बाणाचे, म्हणजे फाइलमध्ये लिहिण्याचे, काम सुडो करत नाही. ते तुमची शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधीच, तुमच्याच अधिकारात करायला जाते. त्याऐवजी «एको मजकूर | सुडो टी -ए /ईटीसी/एखादी-फाइल» वापरा. इथली टी कमांड म्हणजे टी-ई-ई. त्यातला -ए गाळलात तर फाइलमधला जुना मजकूर पुसला जाऊन एवढी एकच ओळ उरते.

असाच एक -ए गाळल्याने याहून मोठे नुकसान होते. एखाद्याला नव्या ग्रुपमध्ये घालायचे तर कमांड आहे «सुडो यूजरमॉड -एजी डॉकर नाव», यातला जी मोठा (डॉकर हे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारे साधन आहे). ए न लिहिता नुसता मोठा जी दिला, तर ते खाते डॉकर ग्रुपमध्ये जाते आणि बाकीच्या सगळ्या जोड ग्रुपमधून निघते. त्यात सुडो ग्रुपही आला. लगेच काही कळत नाही, कारण चालू सत्रात जुने ग्रुप तसेच असतात. लॉगआउट करून परत आल्यावर कळते. म्हणून ही कमांड चालवल्यावर खिडकी बंद न करता «आयडी नाव» टाइप करा आणि यादीत सुडो आहे का ते पाहा. नसेल तर लगेच «सुडो यूजरमॉड -एजी सुडो नाव» द्या. तेवढ्या वेळात खिडकी बंद केलीत तर रिकव्हरी मोड किंवा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स सुरू होते असा) घेऊन बसावे लागेल. आणि डॉकर ग्रुप देणे म्हणजे जवळजवळ रूटचा अधिकार देणे आहे, सोय म्हणून सगळ्यांना वाटू नका.

परवानग्यांचे गणित सोपे आहे: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ हे साधारण ठीक. काही अडले की «सीएचमॉड -आर ७७७» (मोठा आर) मारणे ही फार वाईट सवय आहे. होम फोल्डरवर ती मारली की एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याचे साधन) किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, नाकारते, कारण खाजगी किल्ली ६०० आणि डॉट एसएसएच फोल्डर ७०० असावे लागते.

एसएसएच आणि फायरवॉल

दूरच्या मशीनवर काम करताना सर्वांत जास्त लोक स्वतःच बाहेर अडकतात ते इथे. क्रम असा ठेवा.

आपल्या संगणकावर «एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९» चालवून किल्ली बनवा आणि तिला पासवर्ड द्या. «एसएसएच-कॉपी-आयडी» वापरून ती सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मशीनवर, पाठवा. आता दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून पाहा. सर्व्हरने खात्याचा पासवर्ड न मागता आत घेतले पाहिजे. पहिले टर्मिनल शेवटपर्यंत उघडे ठेवायचे. एसएसएच सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीचे चालू सत्र तुटत नाही, आणि हीच तुमची परतीची वाट.

मग सर्व्हरवरच्या एसएसएच सेटिंगमध्ये (मुख्य फाइल एसएसएचडी_कॉन्फिग) «पासवर्डऑथेंटिकेशन नो» आणि «परमिटरूटलॉगिन नो» करायचे. पण उबुंटू सर्व्हरवर मुख्य फाइल बदलूनही पासवर्ड चालूच राहतो, अशी तक्रार वारंवार येते. कारण मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरातल्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएचमध्ये एखाद्या सेटिंगची आधी सापडलेली किंमत ग्राह्य धरली जाते. त्या फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल असेल आणि तिच्यात «येस» असेल, तर तुमचे खालचे «नो» कोणी वाचतच नाही. म्हणून फाइल वाचून अंदाज बांधू नका. «सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप पासवर्डऑथ» (मोठा टी) चालवा, प्रत्यक्ष लागू होणारी किंमत समोर येते. आणि सेवा पुन्हा सुरू करण्याआधी लहान टी देऊन «सुडो एसएसएचडी -टी» चालवा. लिखाणात चूक असेल तर ओळ क्रमांकासकट दिसते, नसेल तर काहीच छापले जात नाही.

फायरवॉलचेही तसेच, इथे त्यासाठी यूएफडब्ल्यू हे साधन वापरले आहे. आधी «सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच» (ओ आणि शेवटची एस, एस, एच ही अक्षरे मोठी), नंतरच «सुडो यूएफडब्ल्यू इनेबल». डॉकर वापरत असाल तर लक्षात ठेवा, डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतात. फक्त त्याच मशीनवर हवे असेल तर पोर्ट देताना «१२७.०.०.१:८०८०:८०» असे पूर्ण लिहा.

अपडेट

«सुडो एपीटी अपडेट» फक्त यादी ताजी करते, पॅकेज बदलते ते «सुडो एपीटी अपग्रेड». कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला तरी मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच चालतो. /व्हीएआर/रन/ मध्ये रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की वेळ ठरवून रीबूट करा. लॉकची तक्रार (दुसरे अपडेट चालू असल्याने एपीटी अडल्याचा संदेश) आली तर लॉकची फाइल पुसू नका. बहुधा पाठीमागे आपोआप होणारे सुरक्षा अपडेट चालू असते, दहा मिनिटे थांबा. मधेच वीज गेली असेल तर «सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए».

नवीनात नवीन आवृत्ती म्हणजे सर्वांत सुरक्षित, हे खरे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम ठेवलेला मागचा दरवाजा सापडला. डेबियनच्या चाचणी शाखांत त्या पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. कामाच्या मशीनवर आम्ही स्थिर किंवा एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीच बसवतो, ती याच कारणाने. कोणत्याही संकेतस्थळावरची «कर्ल ... | बॅश» अशी ओळ थेट चिकटवू नका. आधी फाइल उतरवा, वाचा, मग चालवा.

डिस्क भरली तर

«डीएफ -एच» मध्ये शंभर टक्के दिसले, तरी वापरलेली जागा एकूण आकारापेक्षा थोडी कमी असते. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची डिस्क-रचना) मध्ये सुमारे ५ टक्के जागा रूटसाठी राखलेली असते, ही तीच. नेमके कुठे भरले ते «सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच» सांगते. लॉग (सिस्टिमच्या नोंदी) फुगले असतील तर «सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम» (शेवटचा एम मोठा). फक्त /बूट भरले असेल तर जुने कर्नल साठलेले असतात, «सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह» बहुधा पुरते. हाताने फाइली पुसू नका.

मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर एखाद्या चालू प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली आहे. «सुडो एलएसओएफ +एल१» (मोठा एल) तो प्रोग्राम दाखवते. तो पुन्हा सुरू केला की जागा सुटते. डीएफ जागा दाखवतो पण फाइल बनत नाही, असे असेल तर «डीएफ -आय» पाहा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपतात.

जोडलेली डिस्क आणि बॅकअप

/ईटीसी/एफएसटॅब (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) मध्ये बाहेरच्या डिस्कची ओळ घालताना पर्यायांत «नोफेल» लिहाच. नाहीतर डिस्क काढून मशीन सुरू केले की ते दीड मिनिट वाट पाहते आणि आपत्कालीन मोडमध्ये जाते. रूटला पासवर्ड नसेल तर तिथेही आत जाता न येण्याची शक्यता असते, मग लाइव्ह पेनड्राइव्हने ती ओळ दुरुस्त करावी लागते. डिस्क नव्याने फॉरमॅट केली की तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, ती ओळही बदलायला हवी. बदल केल्यावर रीबूट करण्याआधी «सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय» आणि «सुडो माउंट -ए».

बॅकअपसाठी «आरसिंक» चांगला, पण मूळ फोल्डरच्या शेवटच्या तिरक्या रेघेने अर्थ बदलतो. रेघ असेल तर फोल्डरातला माल जातो, नसेल तर फोल्डरासकट जातो. «--डिलीट» वापरताना मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी प्रत मूळ पुसून टाकते. आधी -एन लावून चालवा, म्हणजे काय होणार ते फक्त दाखवले जाते. बॅकअप घेतल्यावर त्यातली एखादी फाइल वेगळ्या फोल्डरात परत काढून उघडून पाहा. महिन्यातून एकदा हे केलेत तरी पुरे.