ऑक्सिजन मशीनचं भाडं, अडकलेलं डिपॉझिट आणि ग्राहक आयोगातला अर्ज

मिरजेच्या दवाखान्यातून पेशंट घरी सोडताना डॉक्टर म्हणतात, "काही दिवस घरी ऑक्सिजन लावावा लागेल." कुणीतरी एक नंबर देतं आणि संध्याकाळच्या आत मशीन दारात येतं. त्या घाईत पावती कोण वाचतंय? आम्हीही वाचली नव्हती. सासऱ्यांसाठी पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन (कॉन्सन्ट्रेटर) आणि फावलर कॉट, म्हणजे पाठ-पाय वर उचलता येणारी खाट, भाड्याने आणली होती. ते गेल्यावर तेराव्याच्या आतच मी दुकानदाराला फोन करून सांगितलं, "मशीन घेऊन जा." तो उगवला सव्वा महिन्याने, आणि त्या सव्वा महिन्याचं भाडंही डिपॉझिटमधून कापलं. मी फोनवर काय सांगितलं होतं, याचा माझ्याकडे चिटोराही नव्हता.

म्हणून अर्जाच्या आधी हे. मशीन नको झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा: "आज दिनांक अमुकपासून मशीनची गरज नाही. सिरियल नंबर अमुक, मीटरवर इतके तास. मशीन घेऊन जावे व डिपॉझिट परत करावे. यापुढचे भाडे देणार नाही." कॉन्सन्ट्रेटरवर तो किती तास चालला हे दाखवणारा मीटर असतो. मशीन आलं त्या दिवशी आणि बंद केलं त्या दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर "मशीन महिनाभर वापरलंत" असं कुणी म्हणालं तर तो आकडाच उत्तर देतो.

बिल हातात घेताना

कच्च्या चिठ्ठीवर "मशीन भाडे" एवढंच लिहिलेलं असेल तर पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर जीएसटी लावला असेल तर दुकानाचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो. नोंदणीच नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणारा छोटा दुकानदारही तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करू शकत नाही. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे, आणि तिथे खोट सापडली की दुकानदाराची भाषा बरीच मऊ होते.

अर्ज कोण करू शकतं

पैसे मोजून वस्तू घेणारा किंवा सेवा भाड्याने घेणारा माणूस ग्राहक. त्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच, म्हणजे पुण्यातल्या मुलाने यूपीआयने भाडं भरलं आणि तासगावातली आई मशीनवर होती, तर दोघांनाही तक्रार करता येते. पेशंट गेला असेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. डिपॉझिटची बहुतेक भांडणं याच वळणावर सुरू होतात, आणि "ज्यांच्या नावावर पावती तेच आता नाहीत" हे उत्तर चालत नाही. सेवाभावी संस्थेकडून कॉट किंवा वॉकर फुकट वापरायला आणला असेल, तर मात्र हा कायदा लागत नाही. पुढे भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी मशीन घेणाऱ्यालाही ग्राहक म्हणून सहसा तक्रार करता येत नाही.

साताऱ्याकडच्या माजी सैनिकांच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर बाजारातून भाड्याने घेण्याआधी त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये चौकशी करा.

आधी नोटीस

थेट ग्राहक आयोगात जाण्याआधी दुकानदाराला लेखी नोटीस पाठवा. वकील लागत नाही. किती पैसे दिले, कशाबद्दल किती कापले, त्यातलं काय मान्य नाही, आणि १५ दिवसांत किती परत हवेत, हे साध्या मराठीत लिहा. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. आमचं अर्ध्याहून जास्त काम नोटिशीवरच झालं.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन तुमची तक्रार दुकानदाराकडे पाठवून पाठपुरावा करते, पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. गल्लीतला दुकानदार कधी देतो, कधी नाही. तिथे तक्रार नोंदवली म्हणून आयोगात जाण्याची मुदत थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. मशीन ऑनलाइन मागवलं असेल, तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. आधी त्याला लिहा.

जिल्हा आयोगातला अर्ज

दुकान कोल्हापुरात असो वा पुण्यात, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे जतच्या माणसाचा अर्ज सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जातो, फलटणच्या माणसाचा साताऱ्याच्या. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे धरायची ती तुम्ही प्रत्यक्ष दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, म्हणजे घरगुती मशीनच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एक पैसाही शुल्क नाही.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. डिपॉझिट कधी मागितलं आणि दुकानदाराने कधी नाकारलं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर मुदत मोजायलाही तेच कामी येतं.

अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. आधी मोबाइल नंबर आणि ई-मेलने नोंदणी, मग तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागद पीडीएफ करून जोडायचे. कागद म्हणजे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांची चिठ्ठी, भाड्याची पावती किंवा करार, यूपीआयची किंवा बँकेची नोंद, सिरियल नंबर आणि मीटरचे फोटो, नोटिशीची प्रत व पोच. वारस तक्रार करत असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावाही. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. नुसते स्क्रीनशॉट दिले तर समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते.

एक बारकावा फार जणांना नडतो. डिपॉझिट अवाच्या सवा होतं म्हणून तक्रारीत "अन्यायकारक करार" असा मुद्दा घातला, तर ते प्रकरण राज्य आयोगाच्या अधिकारात जातं. जिल्ह्यातच काम व्हायला हवं असेल तर "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" एवढंच मांडा. मागणीतही आकडे वेगवेगळे लिहा: डिपॉझिट इतकं, जादा कापलेलं भाडं इतकं, मनस्तापाची भरपाई इतकी, खर्च इतका. दहा हजारांच्या डिपॉझिटसाठी पाच लाखांचा मनस्ताप मागू नये, असं माझं मत. खरी मागणीही मग पोकळ वाटू लागते.

दाखल करून घ्यायचं की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. मग दुकानदाराला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. मध्यस्थीने मिटण्यासारखं दिसलं तर आयोग तसं सुचवतो, आणि पैसे लवकर हवे असतील तर ती वाट वाईट नाही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची आहे, मशीनची तपासणी करावी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, ही तयारी मनाची करून ठेवा. व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याचा अर्ज देता येतो. आटपाडी-शिराळ्याकडून दर तारखेला एसटीने येण्यापेक्षा ते बरं.

निकाल लागूनही दुकानदाराने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला किमान २५ हजार रुपये दंड किंवा महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदाराला अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगात, आणि तेही आदेशातली निम्मी रक्कम आधी भरून.