जुनी रुग्णवाहिका पुन्हा चालू करताय? आधी कागद, मग पाना

कोल्हापुरात जुन्या गाडीचा नाद नवा नाही. शिवाजी उद्यमनगरात बाजारात न मिळणारा पार्ट नेऊन दाखवा, मिस्त्री तो हातात घेऊन फिरवून बघतो आणि 'चार दिवसांनी या' म्हणतो. लाकडी पॅटर्न, ओतकाम, लेथवर शेवटचा हात, की पार्ट तयार. म्हादबा मिस्त्रींसारख्या नावाजलेल्या कारागिराच्या गावात गाडी चालू करून देणारे हात कमी पडत नाहीत. घोडं अडतं ते कागदांवर, आणि गाडी रुग्णवाहिका असेल तर जास्तच.

आमच्याकडे १९७३ सालची पेट्रोल जीप-रुग्णवाहिका आहे. कितीतरी वर्षं एका संस्थेच्या शेडमध्ये उभी होती. तिची नोंदणी मार्गी लावताना जे समजलं, ते सगळं इथं देतोय, कारण यातली निम्मी माहिती आम्हाला गाडी खोलून झाल्यावर मिळाली.

सगळ्यात आधी एक निर्णय घ्यायचा असतो. गाडी मूळ रूपात ठेवून 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, की त्यात मनासारखे बदल करून साधी खासगी गाडी म्हणून चालवायची? हे दोन वेगळे रस्ते आहेत. एकावर चार पावलं गेलात की दुसरा बंद होतो.

व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्र सरकारनं १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातले, नियम ८१ए पासून पुढे. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी पात्र ठरते. ती खासगी वापराची हवी, धंद्याची नको. आणि ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. ही शेवटची अट नीट वाचा. आपल्याकडं जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवायची पद्धत कित्येक वर्षांची आहे. पेट्रोल परवडत नाही, डिझेल ओढतं चांगलं, मिस्त्रीही तेच सुचवतो. आम्हालाही सुचवलं होतं, आणि इंजिन बघून ठेवलंसुद्धा होतं. ते बसवलं असतं तर व्हिंटेजचा विषय तिथंच संपला असता. मूळ हरिकेन या पेट्रोल इंजिनचंच रिबोअर (सिलिंडर आतून पुन्हा कातून घेणं) करून घेतलं. वेळ लागला, पण तोच निर्णय बरोबर होता असं आजही मनापासून वाटतं.

चारचाकीत हा लाभ एम-१ वर्गापुरता आहे, म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची प्रवासी गाडी. जीपवर किंवा ॲम्बेसिडरवर बांधलेली रुग्णवाहिका त्यात बसू शकते. अग्निशमन दलाचा जुना बंब मात्र ट्रकच्या चासीवर असतो, तो यात बसत नाही. बंब सुंदर असतो, पितळी फिटिंग चमकवावंसं वाटतं, पण तो घेणार असाल तर व्हिंटेज नंबर मिळेल हा हिशेब धरू नका. प्रदर्शनापुरता ठेवायचा आणि न्यायचा झाला तर दुसऱ्या वाहनावर चढवून न्यायचा, एवढीच तयारी ठेवा.

रुग्णवाहिकेची दुसरी अडचण तिच्या वर्गाची आहे. केंद्राच्या २००४ सालच्या अधिसूचनेत रुग्णवाहिका, शववाहिका आणि अग्निशमन वाहनं ही 'परिवहन' म्हणजे ट्रान्सपोर्ट गाड्यांच्या यादीत येतात. तुमच्या आरसी बुकावर 'ॲम्ब्युलन्स' असं लिहिलेलं असेल, तर खासगी वापराच्या अटीशी त्याचा मेळ घालावा लागतो. म्हणून व्हिंटेजचा अर्ज भरण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या: गाडी आता रुग्णसेवेत नाही, खासगी संग्रहासाठी आहे, वर्ग बदलण्यासाठी काय लागेल ते कळवावं. पोच घ्या. तोंडी उत्तरावर विसंबून गाडी रंगवायला टाकू नका.

नाव तुमचं आहे का, ते आधी बघा

जुन्या रुग्णवाहिका बहुतेक एखाद्या संस्थेच्या नावावर असतात: दवाखाना, ट्रस्ट, साखर कारखाना, नगरपालिका. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली. त्याआधीची गाडी असेल तर कागदावर नगरपालिकेचं नाव सापडेल. मधल्या काळात ती तीन-चार हात फिरली असेल आणि कुणीच नाव ट्रान्सफर केलं नसेल, तर साखळी जोडत मागं जावं लागतं. यात महिने जातात. पैसे देण्याआधी ही साखळी कागदावर मांडून बघा आणि जिथं तुटते तिथं व्यवहार थांबवा.

सरळ विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणारी संस्था असेल तर तिच्या संचालक मंडळाचा किंवा विश्वस्तांचा ठराव जोडा. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर आणि सही करणाऱ्या माणसाला दिलेला अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. आमच्या पहिल्या ठरावात फक्त 'जुनी रुग्णवाहिका विकण्यास मंजुरी' एवढंच होतं. तो परत आला आणि पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागलं. लिलावात घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२ असतो. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, सोबत आरसी, विमा, विक्री कायम केल्याचं सहीशिक्क्याचं पत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. मूळ मालक हयात नसेल तर फॉर्म ३१. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत घ्यायची.

आता सरकारी किंवा महापालिकेच्या गाड्यांबद्दल. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिका, एसटी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्याव्या लागतात. त्यामुळे 'महापालिकेच्या लिलावातून स्वस्तात काढून देतो' असं कुणी सांगितलं तर ती गाडी नेमकी कशी विकली जातेय हे कागदावर बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. स्क्रॅप म्हणून विकलेली गाडी पुन्हा रस्त्यासाठी नोंदवता येत नाही.

सीमेपलीकडून गाडी आणणारे आपल्याकडं बरेच आहेत. निपाणी, बेळगाव हाकेच्या अंतरावर. पण राज्य बदललं की तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि इथं नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७ लागतो, शिवाय महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. सांगलीची एमएच-१० गाडी कोल्हापूरच्या एमएच-०९ मध्ये आणताना नवा नंबर घ्यावा लागत नाही.

फार जुन्या गाडीची माहिती 'वाहन' या परिवहन खात्याच्या ऑनलाइन प्रणालीत नसतेच. तेव्हा ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तिथल्या जुन्या रजिस्टरवरून ती ऑनलाइन चढवून घ्यावी लागते. याला कार्यालयात बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. ती होईपर्यंत पुढचा एकही ऑनलाइन अर्ज सरकत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा.

आणि चासी नंबर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या शेडमध्ये शिरलं, तिथल्या गाड्यांच्या चासीवर गंजाची पोपडी धरलेली आहे. आमच्या गाडीचा पत्रा साफ करणाऱ्या पोरानं ग्राइंडर त्याच जागी लावला. शेवटचे दोन आकडे जेमतेम राहिले, आणि ते बघून पोटात गोळा आला होता. तुम्ही पहिल्याच दिवशी नंबरची जागा शोधा, रॉकेलच्या बोळ्यानं आणि हातानं साफ करा, पेन्सिलनं कागदावर छाप घ्या, फोटो काढा, मग त्यावर चिकटपट्टी लावून टाका. नंबर वाचता येत नसेल तर स्वतः पंच करायला जाऊ नका. तो आरटीओच्या परवानगीनंच पुन्हा पंच करून घ्यायचा असतो.

प्रत्यक्ष अर्ज

गाडी तुमच्या नावावर आली आणि वर्गाचा प्रश्न सुटला की बाकी काम तुलनेनं सरळ आहे. परिवहन पोर्टलवरून फॉर्म २० भरायचा. सोबत चालू विमा, शुल्क आणि भारतात आधी नोंदवलेल्या गाडीची जुनी आरसी. परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. व्हिंटेज म्हणून पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदतीनंतर फेरनोंदणीचं ५,००० रुपये. नोंदणी १० वर्षांसाठी असते. गाडी खरंच मूळ रूपात आहे की नाही हे राज्यानं नेमलेली समिती तपासते. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळायला हवं.

भारतात आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवा घ्यायचा झाल्यास राज्याचा कोड, मग 'व्हीए', मग दोन अक्षरं आणि चार आकडे. आम्ही जुनाच ठेवला. त्या नंबरानं कितीतरी लोक दवाखान्यात पोचले आहेत, तो पुसणं मनाला पटलं नाही.

समितीपुढं जाताना नियमात लिहिलेल्या कागदांशिवाय एक फाईल न्या: गाडीचे जुने फोटो, बॉडी बांधणाऱ्या कारखान्याची पट्टी असेल तर तिचा फोटो, इंजिन नंबरचा छाप, आणि खोलण्याआधीपासून प्रत्येक टप्प्याचे फोटो. जीपची रुग्णवाहिका झाली ती बॉडी बिल्डरकडं, कंपनीत नव्हे. त्यामुळे 'मूळ बॉडी' म्हणजे काय हा प्रश्न निघणारच, आणि त्याचं उत्तर जुन्या फोटोइतकं दुसरं काही देत नाही. ज्या गावात गाडी फिरली तिथं विचारा. आम्हाला एक फोटो एका निवृत्त नर्सबाईंच्या अल्बममध्ये मिळाला, मागचं दार उघडं आणि आत स्ट्रेचरचे रूळ स्पष्ट दिसणारे.

व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती, आणि प्रदर्शनाला जाणं-येणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. पोरांना घेऊन रंकाळा तलावावर चक्कर मारायची असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

बदल करून चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. इंजिन बदलणं, बॉडी बदलणं, आसनं वाढवणं, रंग बदलणं, ज्यामुळे आरसीवरचा तपशील बदलतो ते सगळं आधी मंजुरी घेऊन करायचं आणि मग आरसीवर नोंदवून घ्यायचं. विनापरवाना बदलाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. १५ वर्षांवरची गाडी म्हणून नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही या मार्गावर आलेच.

सायरन, दिवा आणि लाल क्रॉस

इथं नाद करणाऱ्यांचा जीव अडकतो, माझाही अडकला होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ प्रमाणे सायरनसारखे बहुस्वरी भोंगे सेवेतल्या रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा गाड्यांनाच आहेत. चमकणाऱ्या दिव्यांचंही तसंच, नियम १०८. आमचा जुना भोंगा जागेवर आहे, पण त्याची वायर काढून बॅटरीपासून वेगळी ठेवली आहे. छतावरच्या दिव्यावर रस्त्यावर असताना खापरी रंगाचं कापडी आवरण असतं. मागून खरी १०८ नंबरची रुग्णवाहिका येत असताना पुढच्या गाडीवाल्याला क्षणभरही गोंधळ होता कामा नये.

पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० प्रमाणे परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आमच्या बॉडीवर तो होता आणि परत रंगवावा अशी घरच्या सगळ्यांची इच्छा होती. शेवटी ती चौकट कोरी पांढरी ठेवली आणि जुना फोटो मोठा करून प्रदर्शनात गाडीशेजारी लावतो.

लष्कराच्या जुन्या रुग्णवाहिका घेणाऱ्यांनी रंगाकडं लक्ष द्यावं. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण विभागाच्या गाड्यांना आहे. मूळ रंग तोच होता हे कारण चालत नाही, दुसरा रंग देऊन तो आरसीवर नोंदवावा लागतो.

विमा काढताना थर्ड पार्टी तर हवाच, पण कंपनीला ठरलेल्या किमतीवरची, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी मिळेल का ते विचारा. घसारा धरून ५० वर्षांच्या गाडीची किंमत जवळजवळ शून्य येते, आणि उद्यमनगरात ओतून घेतलेल्या पार्टांची बिलं तेव्हा उपयोगी पडतात. ती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, पुराचं पाणी पोचणार नाही अशा फळीवर.